हातातला क्लच

माझं म्हायार औंधाच्या अंगाला, यमाईचा डोंगर आमच्या दारातनं दिसायचा, आन् मला दिलं कुटं तर पार कवठे महांकाळाच्या पल्याड, जितं पाऊस आला तर आला, न्हाईतर गेला तसाच फुडं. आमचा बा म्हणायचा, पोरगा फौजंत हाय, पगार हाय, पोरीला आभाळाकडं बगत बसाय लागणार न्हाई. आता आमच्याकडं काय ताई, घरटी एक तरी फौजंत आसतोयच, त्येचं कुणाला नवाल न्हाई, पर आमचं मालक बंदूकवालं न्हवतं, ते हुतं गाड्यांच्या वर्कशापात, जीपा म्हणू नका, ट्रका म्हणू नका, समदं खोलायचं आन् जोडायचं. रजंवर आलं की मी इचारायची, तिकडं कसं हाय, खायाप्यायाचं कसं, तर हे सांगत बसायचं की अमक्या जीपचं पाणी कसं उकळलं आन् तमक्या ट्रकचा पाटा कसा तुटला. म्या एकदा म्हटलं बी, माझी काय चौकशी करशीला का न्हाई, का माझं बी बानेट उघडून बगाय पायजे. हसलं. तसं हसणारं माणूस हाय ते, आन् तापट बी तेवढंच. मी काय कमी हाय असं न्हाई.

घरात आमी किती, तर हे, मी, धाकला दीर आन् सासू. सासूला आमच्यात आत्या म्हणत्यात. मामंजी मी यायच्या आदीच गेल्यालं, आत्यानं दोन पोरं आन् ती माळाची जमीन एकटीनं वढली. दीर शेत बगायचा, शेंगा, हुलगा, जुंधळं, जे यील ते. आत्या म्हंजी बारकी, वाळल्याली, पर बोलली की समदं घर गप. देवाचं लय. औंधाची यमाई तिची कुळदेवी, आन् मी औंधाकडची, म्हणून माझ्यावर जरा माया जास्ती, असं मला वाटायचं, ती कवा तसं म्हणली न्हाई.

मग एकाहत्तरची लढाई लागली. मालक तिकडं वाळूच्या मुलखात हुतं, एक गाडी रुतली ती वढून काढाय गेलं आन् पाय सुरुंगावर पडला. आमच्याकडं तार आली, जखमी हाय एवढंच तारंत. जखमी म्हंजी काय, कुटं, किती, कुणाला ठावं. वाचणाऱ्यानं वाचलं आन् आत्या तशीच उटली, अंगणात गेली, औंधाच्या दिशेला तोंड केलं, भुईला डोकं टेकलं आन् मोठ्यानं म्हणली, आई यमाई, माझा ल्योक जित्ता घरी आण, त्यो आपल्या पायानं तुझ्या दारात यील, कुणाच्या खांद्यावर यायचा न्हाई. समद्या आळीनं ऐकलं. नवस बोलताना कोण इच्चार करतंय ताई, जे तोंडाला आलं ते बोलली बिचारी.

आन् मालक आलं. पुण्याच्या फौजी दवाखान्यात लय दिस काढलं, मग आलं, तर डावा पाय गुडघ्याच्या वरनं गेल्याला, लाकडाचा पाय लावल्याला, काखंत कुबड्या. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकाय उभी हुती, तुकडा माझ्या हातातच ऱ्हायला. आत्यानं पायाकडं बगितलं, तोंडाकडं बगितलं, त्येंच्या गालावरनं हात फिरवला आन् आत जाऊन देवाम्होरं बसली. आमाला कळलं ती कशापायी बसलीया. देवीनं तिचं केलं, ल्योक जित्ता दिला. आता हिनं दिल्याला शब्द कसा पाळायचा. आपल्या पायानं कसा न्ह्यायचा.

लोकं म्हणायची, अगं मातारे, देवीला कळतंय, डोलीत घालून न्हे, न्हाईतर पाठगुळी न्हे. आत्या कवा कवा तयार बी व्हायची. पर मालकांचं निराळंच झालं. भावकीत लगीन हुतं, बैलगाडी दारात आली, आन् चौघा गड्यांनी ह्येंला काखंत, तंगडीला धरून उचललं आन् गाडीत ठिवलं, पोतं ठेवत्यात तसं. त्येंच्या मनात वाईट न्हवतं. उतरवताना बी तसंच. लग्नातली बाया-पोरं बगत हुती. त्या दिशी हे घरी आलं ते जेवलं न्हाईत. मग मला म्हणालं, ह्या फुडं मला कुणी उचलायचं न्हाई. देवीकडं बी न्हाई. माझा मी जाईन तवाच जाईन, न्हाईतर तिचा नवस ऱ्हाऊ दे तसाच. आत्यानं भिताडाआडनं ऐकलं. एक तिकडं आडून बसल्याली, एक हिकडं, आन् मदी मी. आत्याचं वय झाल्यालं, तिला रोज एकच घोर, हा नवस तसाच ठिवून मी मेली तर देवीला तोंड काय दाखवू.

अशात ह्येंनी जीप आणली. फौजंतल्या मोडीत काढल्याल्या गाड्यांचा लिलाव व्हतोय, तितली. ट्रकमदी घालून आणली, कारण चालत यायासारखी ती न्हवतीच. रंग गेल्याला, हूड फाटल्यालं, एका बाजूचा दिवा गायब. आळीतली माणसं गोळा झाली, एकजण म्हणला, घरात न्हाई दाणा आन् मला हवालदार म्हणा. आता आमचं मालक खरंच हवालदार हुतं, त्येला काय करायचं. म्या म्हटलं, दाणा हाय का न्हाई ते बगाय ये की घरात, आलास तर दळाय बी बसवीन. 

अंगणात लिंबाच्या सावलीला ती जीप उभी केली आन् ह्येंनी तिचं समदं पोट काढून चटईवर मांडलं. बसून काम करायला पाय लागत न्हाई बगा. त्येंनी पाना दे म्हटलं की मी पाना द्यायची, राकेल दे म्हटलं की राकेल. हळूहळू मला बी कळाय लागलं. करंट येतोय का बग म्हणालं, म्या वायर धरली, असा झटका बसला की मी तीन हात मागं, आन् हे म्हणत्यात, येतोय. तापली की पेट्रोल पोचायचं बंद व्हायचं, मग पंपावर ओलं फडकं ठेवायचं. रेडिएटर गळाय लागला तवा सांगली भागात हळदीला काय तोटा हाय, चांगली मूठभर हळद आत टाकली, बारकी भोकं मुजली. आत्या म्हणली, माणसाच्या जखमंला लागती, गाडीच्या बी लागती व्हय. तिला त्ये लय पटलं.

पर खरी अडचण निराळीच हुती. तुमी गाडी चालवता का ताई. न्हाई ना. तर गाडीत पाय द्यायाची तीन पेडलं आसत्यात, एक क्लचचं, एक ब्रेकचं, एक पेट्रोलचं, आन् माणसाला पाय दोनच. म्हंजी धडधाकट माणसाला बी एक कमीच पडतोय. ह्येंला तर एकच. उजव्या पायानं ब्रेक आन् पेट्रोल जमतंय, पर क्लच डाव्या पायाचा, आन् त्यो दाबल्याबिगर गिअर पडत न्हाई. आदी त्येंनी लाकडाचा पाय कातड्याच्या पट्ट्यानं पेडलला बांधून बगितला. दाबला गेला खरं, पर सोडताना लाकडाला कळतंय काय किती सोडलं ते. गाडीनं अशी उडी मारली की थेट कडब्याच्या गंजीत. आत्या घरातनं पळत आली, गंजीत निस्ता हॉर्न वाजतोय आन् मालक कुटं दिसंनात.

मग म्हणालं, तू ये, बस हितं. आन् ताई, त्या दिसापासनं मी त्येंचा डावा पाय झाली. डाव्या अंगाला त्येंना चिकटून बसायचं, माझा उजवा पाय क्लचवर. दाब म्हणालं की दाबायचं, सोड म्हणालं की सोडायचं, हळू, आणखी हळू, गाडी तुझ्या बाची हाय का. म्या म्हणायची, माझ्या बाची असती तर एवढी खडखडली नसती. माळावर आमी फिरायचो, वड्यातनं, बांधावरनं, गाव बगाय जमायचं. बाया पदर तोंडाला लावून म्हणायच्या, बग की, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून हिंडती. आत्यानं तितल्या तितं सुनावलं, नवराच हाय तिचा, दुसऱ्याचा न्हवं. दोन-तीन आठवड्यांत असं झालं की त्येंनी म्हणायच्या आदीच माझा पाय जायाचा, इंजनाच्या आवाजावरनं कळायचं. आता खरं सांगू का, मला त्ये लय आवडायचं. लगीन झाल्यापासनं सारा वेळ हे तिकडं आन् मी हिकडं, आता कुटं शेजारी बसाय मिळालं हुतं.

त्येंला मात्र आवडत न्हवतं. एक दिस म्हणालं, तू घरात न्हाईस तवा मी काय करू. चौघांनी उचलून न्हेलं काय आन् तुझ्या पायानं गेलो काय, फरक काय ऱ्हायला. मला लय लागलं त्ये. म्या म्हटलं, माझा पाय आन् त्या गड्यांचं हात तुमाला एकच वाटत्यात व्हय.  दोन दिस मी भाकरी आदळून ठिवायची.

मग गावातल्या शिवा लोहाराला बोलीवलं. शिवाचा आन् ह्येंचा एकमेकावर लय जीव, दोघं भांडत भांडत काम करायचं. ट्रकच्या पाट्याची एक मोडकी पट्टी घितली, तापवून ठोकून तिचा दांडा केला, आन् क्लचला जोडून हातात आणला. म्हंजी पायानं दाबायचं ते हातानं वढायचं. पयल्यांदा दांडा लावला डाव्या बाजूला. बसलं, दांडा वढला, आन् ध्यानात आलं की गिअर बी डाव्याच हातानं टाकायचा हाय. हात एक आन् कामं दोन. शिवा म्हणला, हवालदार, फौजंत ह्योच शिकलासा का. मग समदं काढलं आन् दांडा उजव्या बाजूला न्हेला, बाहीरच्या अंगाला. त्येला दातं पाडली, वढला की तितंच अडकून ऱ्हायाचा, आंगठ्यानं कळ दाबली की हळूच सुटायचा. उजवा हात दांड्याला, डावा गिअरला, आन् स्टिअरिंग तेवढ्यापुरतं तुटक्या मांडीनं खालनं दाबून धरायचं. वळणावर गिअर बदलायचा न्हाई, सरळ वाटंवरच. लिंबाभवती चकरा मारून मारून अंगणाचा पार चिखल केला, पर जमलं. ज्या दिशी एकटं बाजाराला जाऊन आलं त्या दिशी मी चुलीम्होरं बसून रडली. आनंद बी हुता, आन् माझी जागा गेली त्येचं बी हुतं, दोन्ही हुतं. मग मी मागं बसाय लागली.

आता मालक मोकळं झालं. शेतावर जा, गिरणीवर जा, कुणाची बाळंतीण आण, समदं माळावरनं, जितं यष्टी यायची न्हाई तितनं. आन् एक दिस आपणहून आत्याला म्हणालं, आये, दसऱ्याम्होरल्या पुनवेला आपुन औंधाला जायाचं, मी न्हेतो तुला, वर देवीच्या दारापतूर. आत्यानं हुरूप धरला तो निराळाच.

तिचं एक हुतं, ती गाडीला गाडी समजायची न्हाई. मालक खाली पायापाशी झाकण काढून ब्रेकचं तेल बगायचं, कमी असलं तर वतायचं, तवा ही शेजारी बसून बगायची. एकदा इचारलं, ह्ये कशाचं रं. ह्येंनी सांगितलं, आये, ह्येच्यात तेल हाय तवर गाडी म्हणंल तितं थांबती, तेल सरलं की माणूस जिवाला मुकला. एवढंच सांगितलं. आता तेल म्हणलं की आमच्या बायकांच्या डोळ्याम्होरं कोणचं तेल येतंय ते तुमीच सांगा.

खंडेनवमीला गाडीची पूजा केली, विळं, कोयतं, पाना, हातोडी समदं मांडून, झेंडूची माळ घातली. दसरा झाला. त्या दिसांत शेंगांची घाई हुती, गाडी फारशी हलली न्हाई. पुनवेला सकाळच्या पारी आमी तिघं निघालो. दीर घरी ऱ्हायला. आत्या मागं, ओटीचं ताट मांडीवर, नवं लुगडं. मी बी मागंच. तासगाव गेलं तवर मालक गुणगुणत हुतं. मग म्हणालं, गाडी जड चाललीया. जरा फुडं गेलं आन् जळका वास सुटला. मालक पेट्रोल वाढीवत्यात, गाडी आणखी जड, आन् इट्याच्या, म्हंजी तुमच्या विट्याच्या, अलीकडं एक चढ हाय तितं पार थांबली. कुणी मागनं धरून ठिवल्यावानी.

मालक उतरलं, कुबड्या घितल्या, बानेट उघडलं. पेट्रोल येतंय. करंट येतोय, ह्या बारीला वायर त्येंनीच धरली. इंजन बी चालू हाय, आन् गाडी फुडं न्हाई. चाकाला हात लावला तर चटका. मग जाक लावून चाक उचललं, फिरवून बगितलं, हलंना. हँडब्रेक सोडल्यालाच. मला म्हणालं, ब्रेक धरून बसल्यात, पायच लावला न्हाई तरी. चाकामागं एक बारकी टोपी आसती, ती पान्यानं जरा ढिली केली, तर तेलाची चिळकांडी उडाली आन् चाक सुटलं. ह्येंनी त्ये तेल दोन बोटांत चोळलं. म्हणालं, ह्ये ब्रेकचं न्हवं. म्या बोट नाकाला लावलं. ताई, शेंगतेल. घरच्या शेंगांचं, घाण्याचं, त्याच हंगामाचं. त्यो वास मला झोपंत बी कळंल.

आमी दोघांनी वळून आत्याकडं बगितलं.

आत्या म्हणली, व्हय, म्या घातलं. नव्या शेंगांचं पयलं तेल देवीच्या समईला काढून ठिवलं हुतं, खंडेनवमीला त्यातलंच वाटीभर त्या भोकात वतलं. तूच म्हणलास न्हवं, तेल सरलं की माणूस मुकला म्हणून. माझ्या ल्येकाला जे जपतंय त्येला देवाच्या आदी तेल द्यायाचं न्हाई तर कुणाला. मालकांचं तोंड लालबुंद. हातातला पाना असा भिरकावला की शेजारच्या जुंधळ्यात. आये, त्या तेलानं आतली रबरं फुगत्यात, आता फुगून बसल्यात ती. त्ये काय समईचं तेल हाय का. आत्या ताट घिऊन तशीच बसल्याली, डोळ्यातनं पाणी. मी जुंधळ्यात पाना हुडकाय गेली, तेवढंच मला सुचलं.

तेवढ्यात इट्याकडचा एक माणूस मोटार घिऊन आला. इट्याची लय माणसं सोनं गाळायच्या धंद्यावर कुटं कुटं मुलखात आसत्यात, सणाला गावी येत्यात, तसला असावा, गळ्यात गोफ. माणूस चांगला. थांबला, इचारलं, आन् म्हणला, एवढंच ना, माझ्या गाडीतनं सोडतो की औंधाला, वर पोरं हायती, उचलून न्हेतील ह्येंला. उचलून म्हणला आन् म्या मालकांकडं बगितलं. मालक म्हणालं, तुमचं उपकार हायती दादा, पर मी बसतोय त्यो माझ्याच गाडीत. त्यो गेला. आत्या म्हणली, मग मागं फीर ल्येका. देवीनंच न्हाई म्हटलं. माझाच नवस आन् माझंच तेल.

मागं फिरलो असतो ना ताई, तर ती बाई पुन्ना कवा औंधाचं नाव घेती ना. घरात देवाम्होरं बसून वाळून गेली असती. मला तितं उभ्या उभ्या ते दिसलं. आन् ह्येंला बी दिसलं आसणार. जुंधळ्यातनं हुडकून आणल्याला पाना त्येंनी माझ्या हातातनं घितला. मग चारी चाकांच्या टोप्या ढिल्या करून त्ये समदं तेल भुईवर सोडलं. म्हणालं, आता पायाचा ब्रेक न्हाईच म्हणून धरायचं. चाकं मोकळी झाली. हँडब्रेक निराळा हाय, त्येला तेल लागत न्हाई, त्यो चालतोय. बारक्या गिअरात घालून हळू न्हेतो. म्या म्हटलं, आन् त्यो हँडब्रेक वढणार कोण. एक हात दांड्याला, एक गिअरला.

त्येंनी माझ्याकडं बगितलं. म्हणालं, फुडं ये. हितं शेजारी बस. माझा हात कमी पडतोय.

आता मी काय गप बसती व्हय. म्या म्हटलं, आता का, माझा पाय नगं झाला हुता ना. म्हणालं, तवा नगं हुता. आता तुझ्याबिगर ही गाडी वर जात न्हाई. सरळ असंच म्हणालं, मान खाली न घालता. लग्नाला एवढी वरसं झाली, इतकं ग्वाड त्ये कवा बोललं न्हवतं. म्या पदर खोचला आन् फुडं बसली.

इट्यातनं पुसेसावळीवरनं औंध, सपाटीला काय वाटलं न्हाई. वढ म्हणालं की मी वढायची, सोड म्हणालं की सोडायची. डोंगराला लागलो तवा मात्र मी हँडब्रेक मुठीत घट्ट धरून बसली. तवा ती वाट म्हंजी निस्ता खडक आन् खड्डं. चारी चाकांचा गिअर टाकला, गाडी कण्हत वर निघाली. निम्म्यावर गेलो आन् वळणावर वरनं म्हसरं आली, वाट भरून. थांबाय लागलं. मालक म्हणालं, वढ. म्या दोन्ही हातांनी वढला, पाय फुडच्या पत्र्याला लावला, तरी गाडी बोट बोट मागं सराय लागली, आन् मागं काय तर खोल दरी. तेवढ्यात मागनं धप्पकन आवाज. बगते तर आत्या खाली उतरल्याली, नवं लुगडं वर खोचल्यालं, हातात धोंडा, आन् तिनं त्यो चाकामागं सारला, वर आपला खांदा लावून उभी. मालक वरडलं, आये, बाजूला व्हय. ती म्हणली, तू फुडं बग. गाडी धोंड्यावर टेकली आन् ऱ्हायली. म्हसरं गेली. मालकांनी हातानं पेट्रोल द्यायाची मूठ वढून ठिवली, दांडा हळू सोडला, मला म्हणालं सोड, आन् गाडी उचलली. आत्या धोंडा घिऊन मागनं चालत. प्रत्येक वळणाला तिनं धोंडा तयार ठिवला, बसायला तयारच हुईना. म्हणली, बसून काय करू, हितं माझं काम हाय.

वर पोचलो. देवळाम्होरं थोड्या पायऱ्या हुत्या. मालकांनी कुबड्या घितल्या, पयल्या पायरीवर टेकवल्या, आन् थांबलं. मी जरा लांबच उभी हुती, म्हटलं जवळ गेली तर अंगावर येतील. तर ह्येंनी एक कुबडी माझ्याकडं दिली आन् हात फुडं केला. आत्याकडं बी बगून म्हणालं, आये, ह्या बाजूनं ये. कुणी उचललं न्हाई त्येंला, आमी निस्तं दोन्हीकडनं उभ्या ऱ्हायलो आन् ते आमच्यावर भार दिऊन चढलं. देवीम्होरं गेल्यावर आत्या हात जोडून उभी, नवस खरा झाला का खोटा ह्येच तिला कळंना. तवा मालक म्हणालं, सांग की तिला, आपल्या पायानंच आलोय. पाय जरा जास्ती लागलं एवढंच. आत्या हसली. तोंडात दात न्हवतं तिच्या, तशी खळाळून हसली, आन् देवीला म्हणली, घे बाई, आणला. म्या ओटी भरली.

उतरताना कसं उतरलो ते इचारू नका, त्येचं आणखी एक पुराण व्हईल. मग सांगलीहून नवी रबरं आणली, नळ्या स्पिरीटनं धुतल्या, आन् त्या झाकणावर मालकांनी एक लोखंडी पट्टी ठोकली. आत्या दोन वरसं आणखी जगली, आन् नवस फिटला म्हणून मोकळ्या मनानं गेली. तिचा घोर गेला ह्येचंच मला समाधान हाय.

लढाईला आता सात-आठ वरसं झाली. आमच्या अंगणात आता आमची एकटी जीप नसती. सातारा-सांगलीकडनं फौजी येत्यात, कुणाचा पाय गेल्याला, कुणाचा हात, कुणाला ट्रॅक्टर चालवायचा आसतोय, कुणाला जीप. शिवा लोहार आन् हे, दोघं बसत्यात ठोकत. पर मालकांची एक अट हाय. आल्याला माणूस गाडीचं बोलाय लागला की हे आदी इचारत्यात, घरात कोण हाय. बायको, आई, भाऊ, जो आसंल त्येला संगं आणा, मग माप घितो. एकजण चिडला, म्हणला मला एकट्याला चालवायची हाय, त्येच्यासाठीच आलोय. मालक म्हणालं, एकट्यालाच चालवाय शिकवतो की, दांडा तुझ्याच हातात दीन. पर एखांदा दिस हात कमी पडंल. त्या दिशी शेजारी कोण बसणार ते मला आज बगू दे. गेला रागानं. पंधरवड्यानं आला, बायकोला घिऊन.

काल बी तसंच एक जोडपं आलं हुतं, जतच्या अंगाचं. त्यो उजव्या हातानं अधू, ती दारातच उभी, डोईवर पदर, ह्यात माझं काय काम असं तोंड करून. मालक लिंबाखालनं म्हणालं, वैनी, या, आदी तुमचं माप घ्यायचं हाय. ती नवऱ्याकडं बगाय लागली. नवऱ्यानं मान हलवली. मग लाजत लाजत आली, पदर खोचला आन् चढून शेजारी बसली. यमाई त्येंचं बरं करू दे.